पत्र्याआडची जागा वस्तीची व्हावी म्हणून

भूखंड मोकळा दिसतो म्हणून तो बिनमालकाचा नसतो, आणि बिनकामाचा तर मुळीच नसतो. शहराच्या कुठल्याही जुन्या भागात अशी एखादी जागा सापडते. भोवती गंजलेले पत्रे, आत गुडघाभर गवत, एका कोपऱ्यात रात्री येऊन कुणी टाकलेला राडारोडा आणि अक्षरं उडालेला पालिकेचा फलक. कधी ती बंद पडलेली गिरणी असते, कधी दुसरीकडे हलवलेला कारखाना, कधी पाडलेली शाळा, तर कधी विकास योजनेत ‘मंडई’ म्हणून रंगवला गेलेला आणि वर्षानुवर्षं तसाच पडून राहिलेला प्लॉट. अशा ठिकाणी भाजीचे ओटे, वाचनालय, पाळणाघर, दवाखाना, सभागृह आणि चार दुकानं असं एकत्र काही उभं राहावं, असं ज्यांना मनापासून वाटतं, त्या नागरिकांसाठी हा लेख आहे.

मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगायला हवा. आपल्याकडे अशा इमारती होत नाहीत, अशी तक्रार खरी नाही. इमारती होतात, पण त्या चालत नाहीत. कुलूपबंद समाजमंदिरं, खुर्च्यांवर धूळ साचलेली विरंगुळा केंद्रं, आत ओटे रिकामे आणि बाहेर रस्त्यावर भाजीवाल्यांची गर्दी असलेल्या मंडया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. नकाशा आधी काढला गेला आणि ‘हे चालवणार कोण, कशाच्या पैशावर?’ हा प्रश्न फीत कापल्यानंतर विचारला गेला. तुमच्या जागेबाबत हा क्रम उलटा करा. कोण चालवणार आणि दरमहा खर्च कुठून भागणार हे ठरल्याशिवाय वास्तुविशारदाला एक रेघही ओढू देऊ नका.

आधी कागद

पहिली फेरी सिटी सर्व्हे कार्यालयात. तिथे जागेची मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ती, काढायची. शहर पसरत गेलं त्या भागात जागा असेल तर सातबारा आणि त्यावरचे फेरफार. आजचा उतारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, पण जागा कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या अटीवर गेली हे समजायला जुने फेरफार उलटावे लागतात. पूर्वी एखाद्या संस्थेला वा कारखान्याला सरकारने जमीन दिली असेल तर ‘ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी वापर’ अशी अट त्या नोंदीत असू शकते, आणि पुढच्या सगळ्या वाटाघाटीत ती तुमच्या बाजूने बोलते. मोजणीची ‘क’ प्रत मिळाली तर तीही घ्या. हद्द मोजणीने ठरते, पत्र्याने नव्हे.

दुसरी फेरी पालिकेच्या नगररचना विभागात. त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा मागा. मुंबईला विकास योजना 2034 आणि तिची स्वतंत्र नियमावली लागू आहे. उरलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत नियमावली, यूडीसीपीआर, लागू आहे. जागेवर कोणतं आरक्षण आहे, त्याचा क्रमांक काय, जागा पालिकेच्या ताब्यात आली आहे की नाही, एवढ्या गोष्टी या फेरीत कळल्या पाहिजेत.

जागा खासगी मालकीची आणि आरक्षित असेल तर घाई करावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मधलं कलम 127 नीट समजून घ्या. विकास योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं आणि जागा मालकाला शेजारच्या जमिनीसारखी वापरता येते. नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कितीतरी मैदानं आणि मंडयांच्या जागा अशाच गेल्या, कारण नोटीस फायलीत पडून राहिली आणि वस्तीला तिचा पत्ताच नव्हता. म्हणून माहिती अधिकाराचा पहिला अर्ज याच प्रश्नासाठी करा: या आरक्षणावर कलम 127 ची नोटीस आली आहे का, कोणत्या तारखेला, आणि त्यावर काय कार्यवाही झाली? दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला 30 दिवसांची मुदत, उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

पालिकेकडे संपादनाला पैसे नसतात, हे उत्तर हमखास मिळेल. त्यावर दोन मार्ग आहेत. एक, मालकाने जागा देऊन मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क, घ्यायचा. दुसरा समावेशक आरक्षणाचा: मालकाने ठरलेल्या प्रमाणात सुविधा बांधून पालिकेला विनामूल्य सुपूर्द करायची आणि उरलेल्या जागेवर आपला विकास करायचा. दुसऱ्या मार्गात इमारत फुकट मिळते खरी, पण ती कशी मिळते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. मागच्या बाजूला, अंधाऱ्या जिन्याच्या, स्वतंत्र प्रवेश नसलेल्या खोल्या ‘सुविधा’ म्हणून हवाली करण्याची सवय जुनी आहे. रस्त्यालगतची दर्शनी बाजू, स्वतंत्र फाटक, स्वतंत्र वीज व पाणी मीटर या तीन गोष्टी मंजुरीच्या नकाशातच दाखवल्या जातील असा आग्रह धरा.

आणि आरक्षण उद्यानाचं किंवा क्रीडांगणाचं असेल तर? मग तिथे बांधू नका. उद्देश कितीही चांगला असो, मोकळं मैदान मोकळंच राहिलं पाहिजे. आपल्या शहरांत ते आधीच उरलेलं नाही. केंद्रासाठी दुसरी जागा शोधा.

नियमांत बदल होतात तेव्हा वस्ती झोपलेली असेल तर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईचं गिरणगाव आहे. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी कलम 58 होतं. ढोबळ मानाने जमिनीचा एक भाग मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी पालिकेला, एक भाग परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक भाग मालकाला, असं वाटप. 1996 साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा मांडला. पण 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटप फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतं राहिलं. गिरणीच्या शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. ज्यांच्या तीन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या, त्यांच्या मुलांना खेळायला मिळू शकणारी शेकडो एकरांची शक्यता एका दुरुस्तीने आकसली. विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असला तरी कलम 37 खाली जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना असतो. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात येते. वस्तीतल्या एका माणसाने रोज ते पान पाहायचं, एवढं काम वाटून घ्या.

जागेवर आधीपासून कोण आहे

पत्र्याच्या आत डोकावल्याशिवाय जागेला ‘रिकामी’ म्हणू नका. अनेकदा तिथे आठ-दहा कुटुंबं राहत असतात, भंगारवाल्याचा काटा असतो, कडेला चहाची टपरी असते, एखादा कुंभार पावसाळ्यात तिथेच गणपतींवरचा शेवटचा हात फिरवतो. केंद्राची आखणी त्यांना हाकलून सुरू झाली तर पहिल्याच दिवशी ते केंद्र वस्तीचं राहत नाही, आणि न्यायालयात अडकतं ते वेगळंच. झोपडी असेल तर पुरावे तपासा. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीधारकांना पुनर्वसनाचा हक्क आहे, त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. फेरीवाले असतील तर 2014 चा पथविक्रेता कायदा त्यांच्या मागे उभा आहे. शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य त्यांच्यातून निवडून आलेले असावे लागतात. नव्या मंडईत पहिला ओटा रस्त्यावर बसणाऱ्या त्या बाईचा, हे लेखी ठरवून टाका. तिला आत घेतलं नाही तर ती बाहेर बसेल, गिऱ्हाईक तिच्याकडे थांबेल आणि आतली मंडई ओस पडेल.

झाडं मोजा. खोडाचा घेर, जात, जागा यांची यादी आणि फोटो. राज्यातल्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे. पिंपळ-वडाभोवती इमारत वळवता येते, इमारतीसाठी वड वळत नाही. जुनी विहीर असेल तर बुजवू देऊ नका. तिचा गाळ काढला तर बाग आणि शौचालयांना पाणी मिळण्याची चांगली शक्यता असते.

जुन्या कारखान्याच्या जागेत दोन धोके असतात. छपराचे नालीदार सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते हातोड्याने फोडले तर बारीक तंतू हवेत जातात आणि फुप्फुसांत बसतात. ओले करून, अख्खे उतरवून, प्लास्टिकमध्ये बांधून अधिकृत जागीच टाकायचे, हे ठेकेदाराच्या कामाच्या यादीत लिहून घ्या. दुसरा धोका मातीचा. रंगकाम, तेलाच्या टाक्या, गॅरेज, रसायनं यांचा इतिहास असेल तर पाच-सहा ठिकाणची माती तपासून घेतल्याशिवाय तिथे मुलांचा वाळूचा हौद किंवा परसबाग करू नका. माती खराब निघाली म्हणून जागा वाया जात नाही. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ज्या सुमारे 37 एकरांवर उभं आहे तिथे 1970च्या दशकापर्यंत मुंबईचा कचरा टाकला जात होता. वर माती चढवून, झाडं लावून ते 1994 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

काय हवं, हे कसं विचारायचं

‘तुम्हाला इथे काय हवं?’ असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: गार्डन, पार्किंग, जिम. त्याऐवजी विचारा, ‘कोणत्या कामासाठी तुम्हाला हा भाग सोडून लांब जावं लागतं?’ मग खरं बाहेर येतं. डायलिसिससाठी दोन बस बदलाव्या लागतात. एका खोलीत पाच माणसं, म्हणून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा रेल्वे फलाटावर अभ्यास करतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या धाकट्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली शाळा बुडवते. बचत गटाला बसायला जागा नाही, म्हणून बैठक देवळाच्या ओट्यावर होते आणि पावसाळ्यात होतच नाही.

मोबाइलवरचा फॉर्म पुरेसा नाही. तो भरणारे लोक ठरावीक असतात. सकाळी सहा ते आठ, दुपारी अकरा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ अशा वेळा ठरवून जागेच्या कोपऱ्यांवर माणसं बसवा. कामाच्या दिवशी एकदा आणि रविवारी एकदा. कोण जातं, कोण थांबतं, मुली किती वाजता दिसेनाशा होतात, हे वहीत लिहा. बायकांची बैठक वेगळी घ्या आणि दुपारी घ्या, कारण संध्याकाळच्या बैठकीत मागे उभ्या राहून त्या काही बोलत नाहीत.

एका छताखाली काय बसतं

वेगवेगळे वापर एकत्र आणायचे ते केवळ जागा कमी आहे म्हणून नव्हे. भाजी घ्यायला आलेली आजी रक्तदाब मोजून घेते, नातवाला वाचनालयात सोडते आणि येताना चक्कीवरून पीठ आणते. अशा येण्याजाण्यावर केंद्र जिवंत राहतं. म्हणून तळमजल्याला फार जपा. रस्त्याच्या बाजूला दुकानं आणि भाजीचे ओटे, तेही रस्त्याच्या पातळीवर, मध्ये तीन पायऱ्यासुद्धा नकोत. वरच्या मजल्यावर नेलेली मंडई चालत नाही, हा अनुभव शहराशहरांत घेऊन झाला आहे. पाळणाघर आणि दवाखाना तळमजल्यावर. स्वच्छतागृहाचं दार बाहेरून उघडणारं, आतल्या कार्यालयाच्या वेळेशी न बांधलेलं. अभ्यासिका वर, स्वतंत्र जिन्याने, म्हणजे बाकी केंद्र बंद झालं तरी ती रात्री उशिरापर्यंत उघडी राहते. रॅम्पचा उतार बारा फुटांना एक फूट यापेक्षा तीव्र नको. अनेक सरकारी इमारतींतले रॅम्प इतके उभे असतात की त्यावरून चाकाची खुर्ची ढकलणाराच दमतो.

सभागृह एकच असलं तरी चालतं, त्याचं वेळापत्रक मात्र आधी कागदावर मांडून पाहा. सकाळी सहा ते आठ योगवर्ग. नऊ ते बारा बालवाडी. दुपारी ज्येष्ठांचा कट्टा, दोन ते चार बचत गट आणि शिवणवर्ग. चार ते सात मुलांचे क्लास, कराटे, नृत्य. सात ते दहा नाटकाच्या तालमी, भजनी मंडळ, सोसायट्यांच्या सभा. हे सगळं एका सभागृहात बसतं, पण एका अटीवर: भिंतीलगत प्रत्येक गटाचं कुलपाचं कपाट हवं. बालवाडीची खेळणी, भजनी मंडळाची पेटी-तबला, शिवणवर्गाच्या मशिनी, सतरंज्या, घडीच्या खुर्च्या ठेवायला जागा नसेल तर पहिला गट आपलं सामान मधोमध सोडून जातो, दुसरा ते कोपऱ्यात फेकतो आणि सहा महिन्यांत भांडणाने सभागृहाला कुलूप लागतं. वास्तुविशारद कपाटं विसरतात, तुम्ही विसरू नका.

मधोमध अंगण ठेवा, आणि त्यावर बांधकाम चढू देऊ नका. गणपतीचा मांडव, होळी, लसीकरणाची रांग, मतदान केंद्र, उन्हाळी शिबिर, कुणाचं तेरावं, सगळं त्या अंगणात होतं. अग्निशमनाचा बंब आत येऊन वळेल एवढी वाट कायम मोकळी हवी.

महिन्याचा हिशेब

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक केंद्रं इथेच मरतात.

समजा, एकरभर जागा आहे आणि त्यावर दोन मजली केंद्र आहे. आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावच्या दरांनी ते बदला. चोवीस तास राखणदार म्हणजे आठवड्याला एकवीस पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे तीन नव्हे, चार माणसं लागतात. प्रत्येकी 18,000 धरले तर 72,000. सफाईला तिघं, 48,000. व्यवस्थापक 30,000, माळी 16,000. वीज 45,000, पाणी आणि किरकोळ दुरुस्ती 20,000. झाले 2,31,000. आता यात सर्वजण जे विसरतात ते घाला: रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, पंप यांसाठी दरमहा बाजूला ठेवायचे 40,000. एकूण 2,71,000.

जमेची बाजू. दीडशे चौरस फुटांची दहा दुकानं, चौरस फुटाला 60 रुपये दराने 90,000. उपाहारगृह 35,000. सभागृह महिन्यातले फक्त बारा दिवस बाहेरच्या समारंभांना, 6,000 रुपयांनी 72,000. क्लासच्या खोल्या 40,000, एटीएम 20,000, वाहनतळ 15,000. एकूण 2,72,000.

हजार रुपये उरले. म्हणजे एवढ्या दुकानांवर वाचनालय, पाळणाघर, अभ्यासिका आणि स्वच्छतागृह नाममात्र दरात चालू शकतं. दुकानं सात केली तर तूट आली, वीस केली तर तो बाजार झाला. तुमच्या प्लॉटवर व्यापारी जागा किती असावी याचं उत्तर या वहीतून येतं, विकासकाच्या सादरीकरणातून नाही. सभागृह बारा दिवसांपेक्षा जास्त लग्नांना देऊ नका, कितीही पैसे मिळत असले तरी. एकदा ते लग्नाचं कार्यालय झालं की बालवाडी आणि तालमी परत येत नाहीत.

मोकळी अंगणं आणि वाचनालयं सांभाळायला दुकानांचं भाडं वापरण्याची ही पद्धत परदेशात मोठ्या प्रमाणावर करून दाखवली गेली आहे. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर कॉइन स्ट्रीट नावाचा सुमारे 13 एकरांचा भाग ओसाड पडला होता. तिथे कार्यालयांचे मनोरे येणार होते. रहिवाशांनी 1970च्या दशकात विरोध उभा केला, स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला आणि 1984 मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ना-नफा कंपनीच्या हातात ती जमीन आली. सुरुवातीला त्यांच्याकडे बांधायला पैसे नव्हते. मोकळ्या जागेवर गाड्या उभ्या करू देऊन त्यांनी उत्पन्न सुरू केलं, आणि 1988 मध्ये जुन्या शेडमध्ये हलक्या खर्चात छोटी दुकानं आणि खाण्याची ठिकाणं थाटली. पुढे ऑक्सो टॉवर या जुन्या इमारतीत खाली कारागिरांची दुकानं, मधल्या मजल्यांवर सहकारी तत्त्वावरची घरं आणि सर्वांत वर रेस्टॉरंट, अशी रचना 1996 मध्ये खुली झाली. वरच्या मजल्यावरून दिसणाऱ्या नदीचं भाडं श्रीमंत गिऱ्हाईक भरतं आणि खाली वस्तीचं उद्यान राखलं जातं.

चालवणार कोण

तीन पर्याय समोर येतात. पालिकेने स्वतः चालवायचं. मग केंद्र कार्यालयीन वेळेत उघडतं आणि रविवारी बंद राहतं. ठेकेदाराला बीओटीवर, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर, तीस वर्षं द्यायचं; मग सार्वजनिक सोयी हळूहळू आकसतात आणि दुकानं पुढे सरकतात. तिसरा, वस्तीची नोंदणीकृत संस्था आणि पालिका यांच्यातला करार. माझं मत स्पष्टपणे तिसऱ्याच्या बाजूने आहे. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923 पासून उभा आहे तो नागरिकांनी चालवलेल्या कामावर. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जतनही पालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या एकत्र येण्यातून झालं. मालकी पालिकेची, चालवणं दुसऱ्यांचं, ही वाट आपल्याला अनोळखी नाही.

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदवा किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून इमारत किंवा यंत्रं घ्यायची असतील तर ती मालमत्ता कुणाच्या नावावर राहू शकते याचे नियम 2021 पासून कडक आहेत, त्यामुळे नोंदणी आणि सीएसआर-1 अर्ज आधी करून ठेवावा. समितीत दुकानदार, भाजीवाल्या, महिला गट, तरुण, ज्येष्ठ आणि पालिकेचा अधिकारी अशी माणसं घ्या, आणि कुणीही सलग दोन कार्यकाळांपेक्षा जास्त बसणार नाही असं घटनेत लिहा. नगरसेवकांना निमंत्रित म्हणून सन्मानाने बोलवा. अध्यक्षपद त्यांच्याकडे दिलं तर निवडणुकीनंतर केंद्राचा रंग बदलतो. वाचनालय वेगळं नोंदवून घ्या, कारण 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळाली तर वर्गवारीनुसार शासकीय अनुदान मिळू शकतं.

करारात काही ओळी हव्याच हव्यात. दुकानाला पोटभाडेकरू ठेवता येणार नाही. सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो: पालिकेला 3,000 भरणारा मूळ भाडेकरू प्रत्यक्षात 20,000 घेऊन दुकान दुसऱ्याला देतो. गाळ्याची मुदत तीन ते पाच वर्षं, नूतनीकरण कामगिरी पाहून. अनामत रकमेचं खातं वेगळं, तिला हात लावायचा नाही. देखभाल निधी पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार नाही. अग्निसुरक्षेचा ‘ब’ नमुना दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून भरून द्यायची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी. आणि दर महिन्याचा जमाखर्च फाटकाजवळच्या फळ्यावर. हा फळा ज्या केंद्रात असतो तिथे भांडणं होतात, पण चोऱ्या होत नाहीत.

बांधकाम सुरू होईपर्यंत

परवानग्या, निधी, निविदा यांत दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर जागा पत्र्याआड ठेवू नका. पालिकेकडून तात्पुरत्या वापराची लेखी परवानगी घ्या, मुदत आणि अटींसह. साफसफाई, चार दिवे, एक फाटक, दोन फिरती शौचालयं एवढ्यावर सुरुवात होते. रविवारचा शेतकरी बाजार, सायकल शिकायला जागा, उन्हाळी शिबिर, पडद्यावरचा सिनेमा. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केलेली शाहू मिल बंद पडून बरीच वर्षं झाली, पण 2022 मध्ये त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने तिच्या आवारात प्रदर्शनं आणि कार्यक्रम झाले आणि गर्दीने ती जागा पुन्हा पाहिली. लोकांनी एकदा जागा वापरली की तिच्यावर डोळा ठेवणाऱ्यांची संख्या वाढते, आणि हे संरक्षण कुठल्याही पत्र्यापेक्षा भक्कम असतं. कोणता वापर चालतो, कोणता नाही, हेही वीट न रचता कळतं.

तात्पुरत्या काळात एक पथ्य कठोरपणे पाळा: पक्कं काहीही उभं राहू देऊ नका. पक्षाचं कार्यालय नाही, मंडळाची खोली नाही, रातोरात बसवलेला देवही नाही. सार्वजनिक जागेत नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. त्याची प्रत समितीच्या फायलीत असू द्या आणि पहिली वीट दिसताच, दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात अर्ज द्या.

तुमच्या भागातला तो पत्रा तुम्हाला माहीत आहे. या आठवड्यात दोघं-तिघं मिळून सिटी सर्व्हे कार्यालयात जा, मिळकत पत्रिका काढा आणि कलम 127 चा माहिती अधिकार अर्ज स्वतः नेऊन द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.